खासगी छायाचित्रांचे विनासंमती प्रसारण

एखाद्या व्यक्तीची खासगी क्षणांतील छायाचित्रे वा चित्रफिती तिच्या संमतीवाचून इतरांना पाठविणे अथवा आंतरजालावर टाकणे, यास खासगी छायाचित्रांचे विनासंमती प्रसारण म्हणतात. भारतात हा दंडनीय अपराध आहे. स्त्रियांच्या संरक्षणासाठी २०१३ साली भारतीय दंड संहितेत कलम ३५४-सी समाविष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. त्यातील स्पष्टीकरणानुसार स्त्रीने चित्रणास संमती दिली असली, तरी ती प्रसारणास दिलेली संमती ठरत नाही. त्यामुळे दोष चित्रणास होकार देणाऱ्या स्त्रीचा नसून प्रसारण करणाऱ्याचा मानला जातो. पहिल्या दोषसिद्धीस १ ते ३ वर्षे कारावास व दंडाची शिक्षा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर अशी तक्रार नाव न सांगताही नोंदविता येते.