यवतचा डास आणि एका विषाणूची वंशावळ

१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे तापाची मोठी साथ आली. ताप चार-पाच दिवसांत उतरे, पण सांधे असे धरत की रोग्याला उठून उभे राहणे कठीण होई. साथीची पाहणी झाली तेव्हा बाधितांचे प्रमाण ३७.५ टक्के भरले. म्हणजे दर आठ माणसांमागे तिघे आजारी. रोगाचे नाव चिकुनगुन्या. या नावाचा कोंबडीशी काहीही संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे लागते. पूर्व आफ्रिकेतील (तेव्हाच्या टांगानिकातील) माकोंडे पठारावर १९५२-५३ मध्ये हा रोग प्रथम नीट नोंदला गेला आणि माकोंडे भाषेतील 'वाकवून टाकणारा' अशा अर्थाचा शब्द त्याला चिकटला.

भारतात हा विषाणू १९६३ साली कलकत्त्यात सापडला. पाठोपाठ मद्रास आणि १९६५ मध्ये नागपूर येथे साथी आल्या. बार्शीची साथ या मालिकेतील शेवटची मोठी साथ ठरली. त्यानंतर जवळजवळ ३२ वर्षे या रोगाची मोठी साथ देशात नोंदली गेली नाही. डेंग्यूच्या साथी येत राहिल्या, चिकुनगुन्या मात्र वैद्यकाच्या पुस्तकात राहिला. एक पिढी त्याच्याशी गाठ न पडताच मोठी झाली.

या शांत काळात विषाणू कोठे होता? या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा आपल्या पुणे जिल्ह्यातच सापडतो. पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. १९७८ पासून तीच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडची 'एनआयव्ही'. कीटकांतून पसरणारे विषाणू हा या संस्थेचा मूळ विषय. गावोगावचे डास पकडायचे, जातवार वेगळे करायचे, त्यांचा अर्क काढून त्यात जिवंत विषाणू आहे का ते पाहायचे, आणि सापडला तर तो गोठवून जपून ठेवायचा, हे तेथील नित्याचे काम. बाहेरून पाहणाऱ्याला ते कंटाळवाणे वाटेल. मला स्वतःला विज्ञानातील अशा कोठारघरांबद्दल फार आदर आहे. ज्या प्रश्नासाठी नमुना ठेवला जातो त्यापेक्षा वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर तो पुढे देतो.

२००० साली दौंड तालुक्यातील यवत या गावी एडिस इजिप्ती जातीचे डास गोळा करण्यात आले. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे हे गाव. त्या डासांतून चिकुनगुन्याचा विषाणू वेगळा झाला. डॉ. देवेंद्र मौर्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली हे निरीक्षण प्रसिद्ध केले. देश ज्या रोगाला जवळजवळ विसरला होता तो पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर डासांच्या अंगात होता. पण तेव्हा साथ नव्हती, त्यामुळे गवगवाही झाला नाही. विषाणू शीतपेटीत गेला.

२००५ च्या अखेरीस आंध्र प्रदेश, कर्नाटक, महाराष्ट्र येथून सांधे धरणाऱ्या तापाच्या बातम्या येऊ लागल्या. २००६ च्या सुरुवातीस मालेगावात मोठ्या संख्येने रुग्ण आढळले. वर्षअखेर देशातील संशयित रुग्णांची संख्या १३ लाखांच्या वर गेली होती. त्यांतील साडेसात लाखांच्या आसपास एकट्या कर्नाटकात, तर महाराष्ट्रात अडीच लाखांहून अधिक. ज्यांनी ते वर्ष पाहिले आहे त्यांना भिंतीचा आधार घेत चालणारी माणसे आठवत असतील. शेतमजुराच्या घरात सांधा महिनाभर धरला म्हणजे महिनाभराची मजुरी बुडाली, हा हिशोब रुग्णसंख्येच्या तक्त्यात दिसत नाही.

हा जुनाच, बार्शीचा विषाणू पुन्हा उठला की नवा पाहुणा आला? लक्षणे तीच, डास तोच, रक्तातील प्रतिपिंडांची चाचणीही दोघांना सारखाच कौल देणार. फरक कळायचा तर विषाणूचे जनुकच वाचायला हवे होते.

चिकुनगुन्याच्या विषाणूची आनुवंशिक माहिती आरएनएच्या एका धाग्यावर असते. सुमारे ११,८०० अक्षरांचा हा मजकूर, आणि अक्षरे फक्त चार : ए, यू, जी आणि सी. विषाणू वाढताना या मजकुराच्या प्रती निघतात आणि प्रत काढताना चुका होतात. या चुकाच संशोधकाच्या उपयोगी पडतात. हे कसे, ते समजावण्यासाठी पुण्यातलेच दुसरे उदाहरण घेऊ. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. डॉ. वि. स. सुखटणकर आणि त्यांच्या नंतरच्या संपादकांपुढे देशभरातून आलेली हस्तलिखिते होती. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक किंवा एकच घुसडलेला श्लोक आढळला, तर त्या दोघी एकाच जुन्या प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे अनुमान निघते. अशा सामाईक चुकांवरून पोथ्यांची घराणी लावता येतात. विषाणूंचे नेमके हेच आहे.

वर्गात याचा खेळ सहज करता येतो. फळ्यावर वीस शब्दांचे एक वाक्य लिहा. पहिल्या बाकावरच्या दोघांनी ते घाईने उतरवावे, त्यांच्या वह्यांवरून मागच्या बाकांनी, असे शेवटपर्यंत. मग सर्व वह्या गोळा करून, नावे झाकून, कोणी कोणाची वही पाहिली हे चुकांवरून ओळखायला मुलांना सांगा. वीस शब्दांत ते हाताने जमते. पन्नास विषाणूंची बारा-बारा हजार अक्षरे एकाखाली एक जुळवून प्रत्येक जोडीतील फरक मोजायचे आणि त्यातून सर्वांत संभाव्य वंशवृक्ष काढायचा, तर संगणकाला पर्याय नाही. जीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगणक यांच्या मेळातून जे जैवमाहितीशास्त्र उभे राहिले त्याचे हे एक मुख्य काम. पुणे विद्यापीठात केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने १९८७ साली या विषयाचे केंद्र सुरू झाले. डॉ. अशोक कोळस्कर आणि डॉ. ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांच्या गटाने तेथे विषाणूंच्या जनुकसंचांचा 'विर्जेन' हा माहितीसंग्रह तयार केला व तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता पुन्हा २००६ कडे येऊ. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील डॉ. प्रसन्न यरगोळकर आणि सहकाऱ्यांनी साथीतील विषाणूंच्या जनुकांचे काही भाग वाचले आणि शीतपेटीतले जुने नमुनेही काढून त्यांच्याशी ताडून पाहिले. निकाल स्पष्ट होता. १९६३ ते १९७३ या काळातील सर्व भारतीय विषाणू 'आशियाई' घराण्याचे होते. २००६ चे विषाणू 'आफ्रिकी' घराण्याचे होते. आणि यवतचा विषाणूही आफ्रिकीच होता! म्हणजे बार्शीचा विषाणू पुन्हा उठला नव्हता. त्याची जागा दुसऱ्या घराण्याने घेतली होती, आणि त्या घराण्याचा एक सदस्य साथीच्या पाच वर्षे आधी पुणे जिल्ह्यात पोचलेला होता.

मग यवतच्या विषाणूपासूनच ही साथ उद्भवली का? असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण २००७ साली डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या गटाने संपूर्ण जनुकसंच वाचून जे आकडे दिले ते पाहू. साथीतील भारतीय विषाणू आणि हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरचे विषाणू यांच्यात ९९.९ टक्के साम्य होते. साथीतील विषाणू आणि यवतचा विषाणू यांच्यात ९८.२ टक्के. वाचताना दोन्ही आकडे सारखेच वाटतात, पण अक्षरांत मांडून पाहा. ११,८०० च्या ०.१ टक्का म्हणजे सुमारे १२ अक्षरे. १.८ टक्के म्हणजे सुमारे २१२ अक्षरे. आता तुलनेसाठी १९६३ आणि १९७३ चे दोन आशियाई विषाणू घ्या. त्यांच्यातील साम्य ९९.४ टक्के, म्हणजे दहा वर्षांच्या अंतराने सुमारे ७० अक्षरांचा फरक. हा वेग ढोबळमानाने धरला तर २००० ते २००६ या सहा वर्षांत चाळीस-पन्नास अक्षरे बदलावीत. २१२ हा आकडा फारच मोठा आहे. तेव्हा यवतचा विषाणू साथीच्या विषाणूचा बाप नव्हे, चुलता म्हणावा. साथीचा विषाणू वेगळा आला होता.

तो रियुनियनहून आला असेही केवळ साम्यावरून म्हणता येत नाही. दोन वह्यांत एकच चूक असली तरी कोणी कोणाची पाहिली हे त्यातून कळत नाही, तिसरी वहीही असू शकते. येथे तसेच निघाले. २००४ साली केनियाच्या किनाऱ्यावर, लामू आणि मोंबासा येथे मोठी साथ आली होती. २०१० मध्ये अधिक विषाणूंचे पूर्ण जनुकसंच जुळवल्यावर असे दिसले की बेटांवरची शाखा आणि भारतातील शाखा या केनियाच्या बाजूने स्वतंत्रपणे फुटलेल्या आहेत.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विषाणूच्या बाहेरच्या आवरणात 'ई-१' नावाचे प्रथिन असते. त्यातील २२६ व्या स्थानी अ‍ॅलानिन हे अमिनो आम्ल होते. रियुनियनची साथ वाढत गेली तसा तेथे व्हॅलिन आला. जनुकात बदललेले अक्षर अवघे एक. पण त्यामुळे विषाणू एडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या जातीच्या डासात कितीतरी सहज वाढू लागला, हे २००७ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. २००६ च्या भारतीय विषाणूंत हा बदल नव्हता. २००७ मध्ये केरळात मात्र तो आढळला. तेथे रबराच्या मळ्यांत चीक गोळा करण्यासाठी झाडांना बांधलेल्या वाट्यांत पावसाचे पाणी साचते आणि त्यात अल्बोपिक्टस वाढतो. केरळच्या विषाणूने हा बदल बेटांवरून आणलेला नव्हता, तेथील डास आणि तेथील पर्यावरण यांच्या रेट्याने तो स्वतंत्रपणे घडून टिकला. पोथ्यांची उपमा येथे तोकडी पडते. दोन लेखनिकांनी एकमेकांना न भेटता एकच चूक करावी आणि ती दोघांच्याही फायद्याची ठरावी, असे पोथ्यांत क्वचितच होत असेल.

२००० सालीच यवतचा विषाणू वाचला असता तर साथ टळली असती का, असे मला व्याख्यानानंतर शिक्षक विचारतात. माझ्या मते टळली नसती, कारण आलेला विषाणू तो नव्हताच. पण नवे घराणे देशात शिरले आहे आणि तिशीच्या आतल्या बहुतेकांच्या रक्तात या रोगाविरुद्ध काहीच नाही, एवढी जाणीव पाच वर्षे आधी झाली असती. त्या काळी जनुकसंच वाचणे खर्चाचे व सावकाशीचे काम होते आणि साथ नसलेल्या विषाणूवर कोणी तो खर्च करीत नसे, हेही लक्षात घ्यावे.

आता बेल्ह्याचे पाहू. जुन्नर तालुक्याचा पूर्व भाग कमी पावसाचा. पाणी एक दिवस येते, चार दिवस येत नाही, म्हणून घरोघरी रांजण, पिंप, सिमेंटची टाकी भरून ठेवलेली असते. एडिस इजिप्तीला नेमके असेच साठवलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते. आपल्याला गटार दिसले की डास आठवतो, पण हा डास गटारातला नव्हे. तो स्वतः फार लांब उडतही नाही, काही शे मीटर इतकेच. विषाणू लांब जातो तो माणसाच्या रक्तातून. सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजाराला जुन्नर, आंबेगाव, पारनेर, संगमनेरकडून माणसे येतात. त्यांतल्या एखाद्याच्या अंगात ताप असला, त्याला दुपारी येथे डास चावला, तर आठवडा-दहा दिवसांत तोच डास दुसऱ्याला रोग देऊ शकतो. यवतसारख्या रस्त्यावरच्या गावात विषाणू सापडला यात म्हणूनच फारसे नवल नाही.

सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन शंभर घरांची पाहणी करता येईल. ज्या घरांत एडिसच्या अळ्या सापडतील त्यांची शेकडेवारी म्हणजे गृह निर्देशांक. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, तो ब्रेटो निर्देशांक. भांड्यांची जातवार नोंद ठेवा : रांजण, पिंप, टायर, फुटके माठ, जनावरांचे पाण्याचे हौद. उन्हाळ्यात एकदा आणि पहिल्या पावसानंतर महिन्याने एकदा मोजणी करा. अळ्या सापडलेले भांडे नुसते ओतून टाकण्यावर मात्र समाधान मानू नका. मादी अंडी घालते ती पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओलसर भिंतीवर, आणि ती अंडी कोरडी राहूनही काही महिने जिवंत राहतात. भांडे पुन्हा भरले की अळ्या बाहेर येतात. म्हणून 'कोरडा दिवस' पाळताना भांडे आतून घासावे लागते.

जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे तापाचे रुग्ण वाढले, म्हणून रक्ताचे नमुने याच संस्थेकडे पाठवण्यात आले. त्यांत बरेच चिकुनगुन्याचे निघाले, काही डेंग्यूचे, आणि एका नमुन्यात झिका विषाणू सापडला, महाराष्ट्रातला पहिला. तिन्ही विषाणूंचा वाहक तोच, पाणी भरलेल्या पिंपातला एडिस.