चोंदलेलं नाक आणि फळीवरची बाटली

सर्दी झाली की बऱ्याच घरांत फळीवरची एक छोटी बाटली खाली येते. नाकात फवारा मारला की लगेच मोकळं वाटतं. ही बाटली आली कुठून, ते आज आम्ही सांगणार आहोत.

नाकातून औषध देणं आपल्याकडे जुनंच. चरकसंहितेत त्याला नस्य म्हटलंय. पण आजच्या फवाऱ्याचं मूळ चीनमधल्या 'मा हुआंग' या झुडपात आहे. दम्या-खोकल्याला तिथले लोक त्याचा काढा पीत. १८८५ साली जपानच्या नागाई नागायोशी यांनी त्यातून एफेड्रिन वेगळं काढलं. १९२४ मध्ये पेकिंगच्या वैद्यकीय कॉलेजातल्या चेन आणि श्मिट यांनी त्यावरचं संशोधन छापलं आणि मग ते नाकाच्या थेंबांत आलं. नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या ते आखडून टाकतं, म्हणून वाट मोकळी होते.

१९३० नंतर अमेरिकेत बेन्झेड्रिनची हुंगायची नळी आली. लोकांनी काय करावं? नळी फोडून आतली औषधाची पट्टी नशेसाठी गिळायला लागले! १९५९ मध्ये ती चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली.

डॉक्टरांना आणखी एक गोष्ट दिसली. असं औषध रोज घेतलं, की त्याचा जोर उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. मग माणूस पुन्हा फवारा मारतो. आजच्या बाटल्यांवर ऑक्सिमेटॅझोलीन किंवा झायलोमेटॅझोलीन असं लिहिलेलं असतं, त्यांचंही तसंच. तीन ते पाच दिवस, त्यापुढे नाही. मोठ्यांची बाटली लहान मुलांना तर नाहीच, आणि बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

१९७० च्या दशकात बेक्लोमेथासोनचा फवारा आला. त्याची तऱ्हा अगदी उलटी. धुळीनं, परागकणांनी सतत शिंका येतात त्यांच्यासाठी तो. सूज हळूहळू उतरवतो, म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस रोज घ्यावा लागतो. आपल्या बाया मात्र दोन दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून हाच सोडतात, आणि सोडायचा तो पहिला वर्षभर ओढतात!

बाटल्या दिसायला सारख्याच असतात. तेव्हा औषधवाल्याकडून नाव वाचून घ्या आणि किती दिवस घ्यायचं तेही त्यालाच बाटलीवर लिहायला सांगा. साधी सर्दी असेल तर नुसत्या मिठाच्या पाण्याचा तयार फवाराही मिळतो. त्याची अशी सवय लागत नाही.