वाळवंटाचं दार आणि समुद्राची तटबंदी

मोरोक्कोच्या दक्षिणेला झागोरा नावाचं गाव आहे. तिथे एक प्रसिद्ध पाटी आहे. उंटांचा तांडा, तोंडावरून फेटे गुंडाळलेली माणसं, एक बाण, आणि शेजारी अक्षरं.. टिंबक्टू, ५२ दिवस. ही पाटी मधे पुसली गेली, पुन्हा रंगवली गेली, आता लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेतात. ५२ दिवस अर्थातच उंटावरून. त्या वाटेने आता कुणी जात नाही. जाता येणारही नाही, कारण मोरोक्को आणि अल्जीरियामधली सीमाच १९९४ पासून बंद आहे.

झागोराच्या अलीकडे, गाडीने तीनेक तासांवर, वर्झाझात. हे वाळवंटाचं दार. आणि तिथून उत्तर-पश्चिमेला, अॅटलास पर्वत ओलांडून पावणेचारशे किलोमीटरवर, अटलांटिकच्या काठावर एस्साविरा. चारी बाजूंनी तटबंदी असलेलं, पांढऱ्या भिंतींचं आणि निळ्या होड्यांचं गाव. सहलीच्या पत्रकात या दोन गावांचे रकाने वेगळे होते. एकावर 'वाळवंट' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'समुद्र'. पण दोन्ही बघून झाल्यावर मला ती एकाच दोरीची दोन टोकं वाटायला लागली. दोरी कधीच तुटली. टोकं मात्र अजून आहेत, आणि दोन्हीकडे आता पर्यटक येतात.

आधी वर्झाझात. मराकेशहून निघालं की तिझी न तिश्का नावाची खिंड लागते, उंची सुमारे २२६० मीटर. खिंडीच्या अलीकडे हिरवं, पलीकडे एकदम तांबडं. डोंगर, घरं, भिंती सगळं एकाच मातीचं. वर्झाझात या अमाझिग नावाचा अर्थ 'आवाज नसलेलं' असा सांगतात. आजचं गाव मात्र फार जुनं नाही. फ्रेंचांनी १९२८ साली इथे लष्करी ठाणं वसवलं, त्याभोवती ते वाढलं. त्याआधी होता तो तौरिर्तचा कसबा, म्हणजे मातीचा गढीवजा वाडा. त्याचे मालक ग्लावी घराणं.

ग्लावींची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अॅटलासमधल्या तेलुएतच्या वाटेवर त्यांचा ताबा होता. दक्षिणेकडून मराकेशला जायचं तर तांड्यांना त्यांच्या दारावरूनच जावं लागे, आणि शिवाय मिठाची खाण त्यांच्या हातात. १८९३ साली सुलतान हसन पहिला दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना बर्फात अडकला. ग्लावींनी त्याच्या उपाशी, गारठलेल्या फौजेला अन्न आणि आसरा दिला. सुलतानाने बक्षीस म्हणून क्रुप कंपनीची एक तोफ दिली. आसपासच्या टोळ्यांकडे बंदुका होत्या, तोफ कुणाकडे नव्हती. पुढे याच घराण्यातला थामी ग्लावी मराकेशचा पाशा झाला, फ्रेंचांचा उजवा हात झाला, आणि १९५३ साली सुलतान मोहम्मद पाचवा याला पदच्युत करून देशाबाहेर पाठवण्यात त्याने मोठा वाटा उचलला. दोनच वर्षांनी सुलतान परत आला. थामीने त्याच्यासमोर गुडघे टेकून माफी मागितली आणि जानेवारी १९५६ मध्ये तो वारला. घराण्याची मालमत्ता जप्त झाली. वाडे ओस पडले.

मातीच्या वाड्याची गंमत अशी की तो माणसांशिवाय टिकत नाही. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, तसं इथे दर पावसानंतर भिंतींना माती आणि पेंढ्याचं लिंपण करावं लागतं. चार वर्षं कुणी हात लावला नाही की कोपरे गळतात, मग छप्पर, मग भिंत पुन्हा डोंगराच्या मातीत मिसळते. वर्झाझातपासून तीसेक किलोमीटरवर ऐत बेनहद्दू आहे. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं मातीचं गाव. बहुतेक कुटुंबं आता नदीपलीकडच्या नव्या वस्तीत राहतात, जुन्यात मोजकीच उरली आहेत. ते ज्या स्थितीत उभं आहे त्याला सिनेमाचाही हातभार लागला आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) आणि 'ग्लॅडिएटर' (२०००) या दोन्हींचं काही चित्रीकरण इथे झालं. वर्झाझातमध्ये १९८३ साली अॅटलास स्टुडिओ सुरू झाला, आणि तिथे इजिप्त, तिबेट, रोम असं सगळं प्लास्टरमध्ये उभं आहे. खरा कसबा मातीचा, खोटा प्लास्टरचा, आणि दोन्हींना सारखीच डागडुजी लागते! सप्टेंबर २०२३ च्या भूकंपात अॅटलासमधली जवळजवळ तीन हजार माणसं गेली. त्या धक्क्यात इथल्या जुन्या भिंतींनाही तडे गेले.

आता दोरीचं दुसरं टोक.

एस्साविरा हे गाव हळूहळू वाढलेलं नाही, ते हुकमाने वसवलेलं आहे. त्याआधी इथे फिनिशियन व्यापारी येऊन गेले, समोरच्या बेटांवर शंखांपासून जांभळा रंग काढण्याचा उद्योग रोमन काळात चालला. पोर्तुगीजांनी १५०६ साली किल्ला बांधला आणि स्थानिक टोळ्यांनी तो १५१० मध्ये त्यांच्याकडून घेतला. त्याच वर्षी अल्बुकर्कने गोवा घेतलं. एकाच राजाची माणसं, एकीकडे चार वर्षांत गाशा गुंडाळला, दुसरीकडे साडेचारशे वर्षं राहिली. असो.

आजचं गाव १७६० च्या दशकातलं. सुलतान सिदी मोहम्मद बिन अब्दुल्ला (कारकीर्द १७५७ ते १७९०) याला परदेशी व्यापार हवा होता, पण आपल्या मुठीत हवा होता. दक्षिणेचं अगादीर बंदर बंडखोर मुलखात होतं, जकात हाती लागत नव्हती. त्याने तिथला व्यापार बंद पाडला आणि मोगादोरच्या उजाड, वाऱ्याच्या किनाऱ्यावर नवं शहर आखायला घेतलं. आराखडा थेओदोर कोर्नू या फ्रेंच माणसाने केला. म्हणूनच मराकेश किंवा फेझच्या गल्ल्यांत जसं हरवायला होतं तसं इथे होत नाही, रस्ते सरळ आणि काटकोनात आहेत. नावाचा एक अर्थ 'लहानशी तटबंदी' सांगतात आणि दुसरा 'नीट आखलेलं'. दोन्ही शोभतात. समुद्राकडच्या बुरुजावर, स्काला म्हणतात त्याला, पितळी तोफांची रांग आहे. त्यातल्या बऱ्याचशा स्पेनमध्ये ओतलेल्या.

याच सुलतानाने १७६९ मध्ये पोर्तुगीजांचं माझागान घेतलं. चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती. पण वसई घेऊन आपण तिथे मोठं व्यापारी बंदर उभं केलं नाही. या सुलतानाला मात्र तट कळत होता आणि तटाच्या आतला हिशोबही कळत होता. १७७७ साली त्याने अमेरिकन जहाजांना आपली बंदरं खुली केली, तेव्हा तो देश जेमतेम दीड वर्षाचा होता.

शहर बांधलं, पण व्यापारी कुठून आणणार? सुलतानाने देशभरातल्या नामवंत ज्यू घराण्यांना इथे बोलावून घेतलं. त्यांना घरं दिली, भांडवल दिलं, करात सूट दिली. 'तुज्जार अस-सुलतान', म्हणजे सुलतानाचे व्यापारी, अशी त्यांची पदवीच होती. लंडनला, लिव्हॉर्नोला, अॅमस्टरडॅमला त्यांचे नातलग होते, त्यामुळे हुंडी वटायला अडचण नव्हती. १९व्या शतकात गावाच्या वस्तीत जवळजवळ निम्मे ज्यू होते असं म्हणतात. श्रीमंत घराणी कसब्यात राहायची, गरिबांसाठी सुलतान मौले सुलेमानने १८०७ मध्ये वेगळा मेल्लाह, म्हणजे ज्यू मोहल्ला, नेमून दिला.

आणि माल? सहाराच्या पलीकडून सोन्याची पूड, शहामृगाची पिसं, डिंक, हस्तिदंत. सगळेच तांडे वर्झाझातवरून येत नसत. द्रा खोऱ्याची वाट मराकेशला जायची आणि तिथून बंदराला, बरेच तांडे पश्चिमेकडून गुलमीममार्गेही यायचे. उलट दिशेने मँचेस्टरचं कापड आणि चिनी हिरवा चहा वाळवंटात जायचा. क्रिमियन युद्धामुळे (१८५३ ते १८५६) इंग्रज व्यापाऱ्यांची बाल्टिकमधली गिऱ्हाइकं तुटली, तो चहा त्यांनी इथल्या बंदरांत उतरवला. आज झागोराच्या टोकापर्यंत पुदिना घालून जो चहा पितात, त्यात या बंदराचा मोठा हात आहे.

आणखी एक माल होता. माणसं. टिंबक्टूकडून निघालेल्या तांड्यांबरोबर गुलाम यायचे, बायका आणि मुलंसुद्धा, बहुतेक पायी. ते ५२ दिवस त्यांच्यासाठी काय असतील याची कल्पना करवत नाही. जे पोचले ते मोरोक्कोच्या बाजारांत विकले गेले. झागोराच्या पाटीवर उंट आहेत, ते मात्र नाहीत.

दोरी तुटण्याची सुरुवात बाहेरून झाली. १८४४ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच आरमाराने एस्साविरावर तोफा डागल्या, आणि पाठोपाठ आसपासच्या टोळ्यांनी शहर लुटलं. त्यातून ते सावरलं. पण १८९३-९४ च्या हिवाळ्यात फ्रेंच फौज टिंबक्टूत शिरली आणि तिथला माल सेनेगलच्या बाजूने समुद्राकडे वळला. म्हणजे ग्लावींना तांड्यांच्या वाटेवर तोफ मिळाली तेव्हाच ती वाट मरायला लागली होती. १९१२ नंतर फ्रेंच अंमलात कॅसाब्लांकाचं बंदर वाढलं आणि एस्साविराची कंबर मोडली. बंदर उथळ, मोठी जहाजं लागेनात. शहर तसंच राहिलं, कारण पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता. २००१ साली ते जागतिक वारसा झालं. गरिबीने जपलेली गावं जगात बरीच आहेत, त्यातलं हे एक.

मग माणसं गेली. १९४८ मध्ये इस्रायल झालं, १९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला, १९६७ चं युद्ध झालं, आणि दर टप्प्याला ज्यू कुटुंबं निघत गेली. आता इथे राहणारे जवळजवळ कुणी नाहीत. रब्बी हाइम पिंटो यांच्या समाधीच्या दर्शनाला वर्षातून एकदा जगभरातून लोक येतात. एका जुन्या सिनेगॉगमध्ये २०२० पासून 'बायत दाकिरा', म्हणजे स्मृतींचं घर, उघडलं आहे. मेल्लाहच्या एका दारावरचा कोरलेला सहा टोकांचा तारा बघताना मला रेवदंडा आठवलं, अलिबाग आठवलं. आपल्या शनिवार तेल्यांचीही घरं अशीच बंद होत गेली. निगेव्हच्या वाळवंटात १९५५ साली वसवलेल्या दिमोनात सुरुवातीचे रहिवासी बहुतेक मोरोक्कोहून आलेले, आणि कोकणातले बेने इस्रायलही तिथे जाऊन राहिले. दोन समुद्रकाठचे लोक, शेवटी एका वाळवंटातल्या गावात शेजारी.

ग्लावी गेले, सुलतानाचे व्यापारी गेले, वकिलाती उठल्या. राहिलं कोण? ज्यांना इथे येण्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, त्यांचे वंशज. ग्नावा.

ग्नावा म्हणजे सहारापलीकडून आणलेल्या गुलामांच्या वंशजांची जमात, आणि त्यांचं संगीतही. गिंब्री नावाचं तीन तारांचं खर्जातलं वाद्य आणि हातात लोखंडी चिपळ्या. रात्रभर चालणाऱ्या त्यांच्या विधीला 'लीला' म्हणतात. आपल्या लीलेशी त्याचा संबंध नाही, अरबीत तो शब्द रात्रीचा. पण आपल्या जागरण-गोंधळासारखंच, अंगात येणं आहे, पीडा उतरवणं आहे. गाण्यांत बांबारा भाषेचे शब्द अजून टिकून आहेत. या लोकांचं एस्साविरामध्ये स्वतःचं स्थान आहे, सिदना बिलालचं. बिलाल म्हणजे पैगंबरांचा सोबती, मुक्त केलेला हबशी गुलाम, इस्लाममधला पहिला मुअज्जिन. ज्यांना आपल्या आजोबांचं गावही माहीत नव्हतं त्यांनी आपला पूर्वज स्वतःच निवडला.

कालपरवापर्यंत यांना रस्त्यावर वाजवून पैसे मागणारे म्हणूनच ओळखत. १९९८ पासून त्यांच्या संगीताचा महोत्सव इथे भरतो, लाखांनी माणसं येतात. २०१९ मध्ये युनेस्कोने ग्नावा परंपरेला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. ज्या शहराची शान हस्तिदंत आणि शहामृगाची पिसं विकण्यात होती, ते आज जगाला ठाऊक आहे ते विकल्या गेलेल्या माणसांच्या गाण्यामुळे.

याने हिशोब फिटला असं मी म्हणणार नाही. महोत्सवाचा पैसा हॉटेलवाल्यांकडे किती आणि वाजवणाऱ्यांच्या घरी किती, हा प्रश्न तिथेही आहेच. पण तट बघायला जाणाऱ्यांनी स्कालावरच्या तोफांबरोबर सिदना बिलालचं ठिकाणही विचारून घ्यावं. तोफा एकदा पाहिल्या की झालं. चिपळ्या अजून रोज वाजतात.