देवासमोरचं लग्न, वय सव्वाशे

टोकियोतल्या शिंतो देवळात लग्न लागताना पाहिलं, तर हा विधी हजार वर्षांचा असणार अशी खात्रीच पटते. नखशिखान्त पांढऱ्या किमोनोतली नवरी. एकावर एक रचलेले लाखकामाचे तीन लाल पेले, लहान, मधला, मोठा. प्रत्येकातून साकेचे तीन-तीन घोट, एकूण नऊ. हे पेले खरंच जुने आहेत. देऊळ मात्र उशिरा आलं.

पूर्वी जपानात लग्न घरीच लागे. नवरी सासरी यायची, पेले फिरायचे, नातलग जेवून उठायचे. पुजाऱ्याचं त्यात काही कामच नसे. १८९८ च्या नागरी कायद्यानेही फक्त नोंदणी मागितली. पण पाश्चात्त्य राष्ट्रांच्या पंगतीला बसायची घाई झालेल्या मेइजी सरकारला चर्चमधल्या राजेशाही लग्नांच्या तोडीचं काहीतरी हवं होतं. एप्रिल १९०० मध्ये राजघराण्याच्या विवाहाचे नियम निघाले आणि १० मे रोजी युवराज योशिहितोंचं सादाको कुजोशी राजवाड्यातल्या देवघरात लग्न लागलं. नवरा वीस वर्षांचा, नवरी पंधराची.

मग लोकांनाही तसंच लग्न हवंसं झालं. हिबियाच्या देवळाने (आजचं टोकियो दाइजिंगू) ही हौस ओळखून पुढच्याच वर्षी सर्वसामान्यांसाठी विधी बसवला. १९२३ च्या भूकंपात ते देऊळ जळालं, तेव्हा इंपीरियल हॉटेलने देव आपल्याच इमारतीत आणून बसवला. लग्न आणि जेवणावळ एकाच छपराखाली! धंदा कळणाऱ्या माणसाचंच हे डोकं.

१० एप्रिल १९५९ ला युवराज अकिहितोंनी पीठगिरण्यांच्या मालकाची मुलगी मिचिको शोदा हिच्याशी लग्न केलं. सूत जुळलं होतं टेनिस कोर्टावर, आणि सून पहिल्यांदाच सामान्य घरातली. देवघर तेच, तिच्या अंगावरचा थरांवर थर चढवलेला जुनीहितोए वेशही दरबारी. पण घोडागाडीतली मिरवणूक पाहायला लोकांनी टीव्ही घेतले. वर्षभरात टीव्हीधारकांची संख्या दुप्पट होऊन वीस लाखांच्या घरात गेली.

त्यांची नात माको हिने २६ ऑक्टोबर २०२१ ला वर्गमित्र केइ कोमुरोशी लग्न केलं, ते देवघराविना, मेजवानीविना. विधी मोडला म्हणावं, तर तो तिच्या खापरपणजोबा योशिहितोंपासूनचा. सामान्य माणसाशी लग्न केल्यावर राजकन्या राजघराण्यातून बाद होते. त्या वेळी मिळणारे सुमारे पंधरा कोटी येनही तिने नाकारले. लग्नाच्या नोंदणीचे कागद सकाळीच कचेरीत दाखल झाले होते. नोव्हेंबरात दोघं न्यूयॉर्कला गेली.