कदंबाच्या कुळातली मुलगी

मराठीत ज्या वाङ्मयप्रकाराला आपण कादंबरी म्हणतो, ते मुळात एका मुलीचं नाव आहे. गंधर्वांच्या घरची मुलगी. वडील चित्ररथ, आई मदिरा, राहणं हेमकूट पर्वतावर. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात, सम्राट हर्षवर्धनाच्या पदरी असलेल्या बाणभट्टानं तिची प्रेमकथा लिहायला घेतली आणि ग्रंथाला तिचंच नाव दिलं. पुढे बाराशे वर्षांनी छापखाने आले, गद्यात लांबलचक गोष्टी लिहिल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न प्रत्येक भाषेपुढे होता. हिंदी आणि बंगालीनं उपन्यास म्हटलं, गुजरातीनं नवलकथा, तेलुगूनं नवल. मराठी आणि कन्नड या दोघींनी मात्र त्या गंधर्वकन्येचं नाव उचललं. कन्नडला ती आधीपासून ओळखीची होती. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या नागवर्म्यानं ‘कर्नाटक कादंबरी’ हे चंपूकाव्य रचून बाणाची गोष्ट तिकडे नेलीच होती.

हे कुळ सांगायचं कारण आहे. जुन्या काळातली राजधानी, कोवळ्या वयाचं प्रेम आणि माणसांत वावरणारे यक्ष, गंधर्व, शापित जीव असं सगळं एकत्र असणाऱ्या कादंबऱ्या आज सोळा-सतरा वर्षांची मुलंमुली आवडीनं वाचतात. मोबाइलवरच्या वाचनाच्या ॲपांवर ती स्वतः मराठीत भाग-भाग करून लिहितातसुद्धा. घरातली मोठी माणसं हे बघतात आणि ‘बाहेरचं खूळ’ म्हणून मोकळी होतात. हे खूळ बाहेरचं नाही. आपल्याकडे कादंबरी हा शब्दच त्या खुळातून आलेला आहे.

नावाच्याही मागे जाता येतं. कदंब हे झाड, आणि कादंबरी म्हणजे कदंबापासून निघणारं मद्य. विष्णुपुराणात बलरामासाठी वरुण वारुणीला वृंदावनात पाठवतो आणि ती एका कदंबाच्या ढोलीत जाऊन राहते; त्या मद्याचा वास दरवळतो आणि बलराम झाडाजवळ खेचला जातो. बाणानं नायिकेच्या आईचं नाव मदिरा ठेवलं आणि मुलीचं कादंबरी, यात त्याचा हिशेब स्पष्ट दिसतो. वाचणारा धुंद व्हावा, अशी त्याची इच्छा होती. संस्कृतातला हा कदंब मराठीच्या तोंडी कळंब झाला. त्या नावाची गावं महाराष्ट्रात बरीच आहेत, आणि त्यातलं एक यवतमाळ जिल्ह्यात, यवतमाळहून नागपूरकडे जाताना लागतं. त्याच्याकडे नंतर येतो.

आधी गोष्ट. उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड सहाव्या वर्षी नगराबाहेरच्या विद्यामंदिरात जातो आणि सोळाव्या वर्षी बाहेर येतो. युवराज्याभिषेकाआधी शुकनास हा म्हातारा मंत्री त्याला समोर बसवून तारुण्य, सत्ता आणि लक्ष्मी माणसाला कशी आंधळी करतात ते सांगतो. संस्कृत शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी एवढाच उतारा पाठ केला आणि पुढचं सोडून दिलं. पुढे दिग्विजयाला निघालेला हा मुलगा एका किन्नर जोडप्याच्या मागे घोडा दामटत कैलासाजवळ पोचतो, वाट चुकतो आणि अच्छोद सरोवराच्या काठी शंकराच्या देवळात वीणा वाजवणारी एक पांढरीशुभ्र तपस्विनी त्याला दिसते. ती महाश्वेता. तिची स्वतःची कहाणी या ग्रंथाचा गाभा आहे असं मी मानतो.

तिनं पुंडरीक नावाच्या मुनिकुमाराला पाहिलं ते त्याच्या कानावरच्या पारिजाताच्या मंजिरीच्या वासामुळे. त्यानं ती मंजिरी काढून तिच्या कानावर ठेवली. तेवढ्यात त्याच्या हातातली जपमाळ गळाली, ती तिनं वरच्यावर झेलली आणि गळ्यात घातली. मित्र कपिंजल त्याला रागावला. लाजून, उसना राग आणून पुंडरीकानं माळ परत मागितली, तर हिनं गळ्यातून आपला मोत्यांचा एकसर काढून त्याच्या हातावर ठेवला आणि त्यानं तो घेतला. आपण काय घेतलं, याचंही त्याला भान नव्हतं. त्या रात्री चांदण्यात तो विरहानं मरतो. ती पोचते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि चंद्रबिंबातून उतरलेला एक दिव्य पुरुष त्याचा देह घेऊन जातो, पुन्हा भेट होईल असं सांगून. महाश्वेता तिथेच थांबते. तिची मैत्रीण कादंबरी शपथ घेते की महाश्वेतेचं दुःख सरेपर्यंत मी लग्न करणार नाही. मग चंद्रापीड तिला भेटतो आणि शपथेची परीक्षा सुरू होते. दोन जन्म, पोपट होऊन पडलेला चंद्रापीडाचा मित्र, शापानं घोडा झालेला कपिंजल अशा वळणांनी सगळे पुन्हा एकमेकांना मिळतात. हे मिळणं बाणाला लिहिता आलं नाही. चंद्रापीडाची सेविका पत्रलेखा कादंबरीच्या मनातलं सांगत असतानाच ग्रंथ थांबतो; उरलेला भाग त्याच्या मुलानं पुरा केला.

बाणालाही ही गोष्ट आयती मिळाली होती. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं राणी सूर्यवतीसाठी रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त मुक्तालता नावाची निषादकन्या सुमना राजाच्या दरबारात एक बोलका पोपट घेऊन येते, आणि तो पोपट जवळजवळ हीच कथा सांगतो. सोमदेव बाणानंतरचा, पण दोघांची विहीर एकच, गुणाढ्याची ‘बृहत्कथा’. आणि त्या विहिरीचा पत्ता परंपरा आपल्या गोदाकाठी सांगते, प्रतिष्ठान म्हणजे पैठणला, सातवाहनांच्या दरबारात.

‘बृहत्कथे’ची आख्यायिका सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जलक्रीडेत राणी राजाला म्हणाली, पाणी उडवू नका: मोदकैः, म्हणजे मा उदकैः. संस्कृताचा संधी न कळलेल्या राजानं मोदक आणवले. राणी हसली, राजा खजील झाला आणि संस्कृत शिकायचं ठरवून बसला. गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं लागतील, दरबारातलाच शर्ववर्मा म्हणाला सहा महिने. गुणाढ्यानं पैज लावली की असं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी तिन्ही भाषा सोडीन. तो हरला. विंध्याच्या रानात जाऊन पिशाचांची भाषा शिकला आणि शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोक लिहिले. राजानं ती पिशाचांची भाषा आणि ते रक्त बघून पोथी परत पाठवली. मग गुणाढ्य अग्नी पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचलं की जाळू लागला. जनावरं चरायचं सोडून रडत ऐकत राहिली, वाळली. राजाच्या ताटात सुकं मांस येऊ लागलं, तो आजारी पडला आणि चौकशी करत रानात आला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरलेल्या लाखात नरवाहनदत्ताची कथा होती: विद्याधरांचा चक्रवर्ती होणारा राजपुत्र आणि त्याची प्रेमं. हा सगळा प्रसंग इतिहास म्हणून घ्यायचा नाही. पण अद्भुत कथेला दरबारानं आधी नाकारलं आणि ती रानात जिवंत राहिली, हे या कुळाच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

विदर्भाचा या कुळाशी घरोबा जुनाच. हंसाच्या तोंडून नळाची कीर्ती ऐकून त्याच्या प्रेमात पडणारी आणि स्वयंवरात नळाचं रूप घेतलेल्या देवांमधून खरा नळ ओळखणारी दमयंती विदर्भाची. भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’तला माधव विदर्भाच्या अमात्याचा मुलगा, त्याला स्मशान, पिशाच्चं आणि कापालिक ओलांडून मालतीपर्यंत जावं लागतं. भवभूतीचे पूर्वजही विदर्भातल्या पद्मपूरचेच.

आता एकदम छापखान्यांच्या काळात. १८१४ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला ‘सिंहासनबत्तीशी’ मराठीत छापली गेली, १८३० मध्ये सदाशिव काशीनाथ छत्र्यांची ‘वेताळपंचविशी’ आली. १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. त्यात अद्भुत काही नाही, त्यात विधवांचे हाल आहेत. पण वाचकांनी डोक्यावर घेतली ती १८६१ मधली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’, मग त्यांचीच ‘रत्नप्रभा’, आणि १८६८ मधली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. राजपुत्र, राजकन्या, कारस्थानं, ताटातुटी, योगायोग.

समीक्षकांनी या कादंबऱ्यांना नंतर खूप नावं ठेवली. रिसबुडांनी ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत दिलेलं कारण मात्र त्या नावं ठेवण्यापेक्षा मोलाचं आहे. आपल्या लग्नाच्या रीतीमुळे आणि इतरही कारणांनी आपल्या लोकांच्या आयुष्यात मन ओढून घेईल असं घडतच नाही, म्हणून मनोरंजक लिहायचं तर अद्भुताचाच आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांचा मुद्दा. तो आज नीट वाचायला हवा. ज्या समाजात मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी व्हायचं, जिथे १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारावर न्यायलाही रणकंदन झालं, तिथे सोळा वर्षांच्या मुलीनं कुणाच्या प्रेमात पडावं हे वास्तवात बसवणार कुठे? हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मध्ये खऱ्या घरातली खरी यमू दाखवली, आणि तिच्या वाट्याला वैधव्य आणि हालच आले. ते हरिभाऊंचं मोठेपण आहेच. पण स्वतः माणूस पाहणं, त्याच्यावर मन बसणं, मैत्रिणीसाठी लग्न नाकारणं हे सगळं मुलीला करता यायचं ते फक्त गंधर्वलोकात, नाहीतर कुठल्या न ऐकलेल्या राज्यात. अद्भुतानं त्या पिढीला मुलीच्या इच्छेसाठी जागा करून दिली. मला ही त्याची सगळ्यांत मोठी कामगिरी वाटते.

१८७१ मध्ये रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून येऊ लागली. शिवकाळ, गड आणि प्रेम एकत्र आले, गंधर्व मागे पडले, आणि पुढची शंभर वर्षं ऐतिहासिक कादंबरी आणि अद्भुत कथा वेगवेगळ्या चुलींवर शिजल्या. आज लिहिणारी मुलं त्यांना पुन्हा एका पातेल्यात आणताहेत, इतकंच.

यवतमाळात हे लिहिणं सोपं नाही. हा जिल्हा बाहेरच्यांना शेतकरी-आत्महत्यांमुळे माहीत आहे. जानेवारी २०१९ मध्ये इथे ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं; अध्यक्षा अरुणा ढेरे, आणि उद्‌घाटन जिल्ह्यातल्याच एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते. ते योग्यच झालं. अडचण एवढीच की त्यानंतर इथल्या लिहित्या मुलीकडून सगळे एकाच विषयाची अपेक्षा ठेवतात: कापूस, कर्ज, फास. तिनं यक्ष लिहिले तर तिला दुःख कळत नाही असं समजतात.

तिच्या शेजारीच कळंब आहे. चक्रावती नदीकाठच्या या गावात चिंतामणी गणपती जमिनीच्या पातळीखाली बसलेला, पायऱ्या उतरून जायचं, समोर कुंड. काही वर्षांच्या अंतरानं कुंडाचं पाणी वर चढतं, मूर्तीच्या पायांना लागतं आणि ओसरतं. पुराणातलं कदंबपूर ते हेच, अशी इथली श्रद्धा. आणि गणेशपुराणातली कदंबपुराची कथा अशी: कौंडिण्यपूरचा राजपुत्र रुक्मांगद शिकारीत तहानेला होऊन एका आश्रमात येतो. ऋषिपत्नी मुकुंदा एकटी असते. तिचं मन त्याच्यावर जडतं. तो नाही म्हणतो. ती त्याला कोडी होशील असा शाप देते. नारदाच्या सांगण्यावरून तो कदंबपूरच्या कुंडात न्हातो आणि बरा होतो. इकडे इंद्र रुक्मांगदाचं रूप घेऊन मुकुंदेकडे जातो. तिला होणारा मुलगा गृत्समद. भर सभेत त्याच्या बापाचा उद्धार होतो, तो आईला जाब विचारतो आणि काटेरी बोर हो असा शाप देतो. ती उलटून म्हणते, तुला त्रैलोक्याला छळणारा मुलगा होईल. तो त्रिपुरासुर.

पुराण हे गृत्समदाच्या अंगानं सांगतं, कारण त्याला पुढे मोठा गणेशभक्त व्हायचं आहे. मुकुंदेला कुणी विचारत नाही. जिच्यापुढे आवडता माणूस उभा राहिला आणि तो तो नव्हताच, तिची फसवणूक पुराणात दोन ओळींत संपते. कौंडिण्यपूर वर्धा नदीवर, कळंब इकडे, मधली वाट आजही माहितीची. बोरीची झाडं प्रत्येक धुऱ्यावर. यवतमाळच्या एखाद्या मुलीनं मुकुंदेला बोलतं केलं, तर ती कादंबरी मी पहिल्याच दिवशी विकत घेईन.