ट्यूबमधला चमत्कार

आमचे विटा गलाईवाल्यांचे. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी इथली माणसे देशभर पांगली आहेत. सणावाराला गावी येतात, गप्पांत भट्टीपुढच्या घामाने जांघेत उठलेल्या गजकर्णाचाही विषय निघतो. कुणी खिशातून मलमाची ट्यूब काढून दाखवतो. दोन दिवसांत खाज थांबते आणि महिन्याभरात गजकर्ण पोटावर चढते. तसलेच मलम माझ्या भाचीने लग्नाआधी उजळण्यासाठी वर्षभर तोंडाला लावले. “मामू, एक दिवस नाही लावलं तर तोंड भाजल्यागत होतंय,” ती म्हणाली, तेव्हा मी या ट्यूबचा मागोवा घेतला.

सुरुवात खरोखर चमत्काराची. सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या बाईला कॉर्टिझोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. 1950 चे नोबेल हेंच, केंडॉल व राइखस्टाइन यांना मिळाले. 1952 मध्ये सुल्झबर्गर आणि विटन या डॉक्टरांनी त्याच कुळातले हायड्रोकॉर्टिझोन त्वचेवर गुण देते, असे दाखवले. पुढे क्लोबेटासोलसारखी कितीतरी जहाल मलमे आली.

पण कातडी म्हणजे भिंत नव्हे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी मेंदूच्या हुकमाने कॉर्टिसॉल बनवतात. बाहेरून माल येतोय म्हटल्यावर मेंदू हुकूम थांबवतो, ग्रंथी सुस्तावतात. चेहरा गोल सुजतो, मुलांची उंची खुंटते. मलम एकाएकी सोडले तर अशक्तपणा, चक्कर, क्वचित जिवावरचे संकट. क्लोबेटासोल दिवसाला 2 ग्रॅम लावले तरी ग्रंथी मंदावू शकतात. चेहरा आणि जांघ इथली कातडी पातळ, तिथून औषध अधिक मुरते. आपण लावतो नेमके तिथेच!

‘एच’ यादीतली औषधे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, पण अंगाला लावायच्या मलमांना सूट होती. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील चेहऱ्याच्या त्वचारोगाच्या 2926 रुग्णांपैकी 433 जण स्टिरॉइड लावत असल्याचे आढळले. मार्च 2018 मध्ये केंद्राने 14 स्टिरॉइडांच्या मलमांची सूट काढून घेतली. भाचीने ट्यूब घेतली ती त्यानंतर. चिठ्ठी कुणी विचारली नाही.

डॉक्टरांनी तिचे मलम एकदम तोडले नाही, सौम्य देत देत उतरवले. लग्नाच्या फोटोत गाल लालच आहेत. अल्बम ती कुणाला दाखवत नाही.