क्षणभर हललेली सुई

१८२० साली ऑर्स्टेडने दाखवले की, तारेतून वीज वाहिली की जवळची चुंबकसूची हलते. अँपिअरने तारेची नळीसारखी वेटोळी करून त्यांना चुंबकासारखे वागायला लावले आणि त्या रचनेला ‘सॉलेनॉइड’ हे नाव दिले. आपल्या पाठ्यपुस्तकांतले नालकुंतल ते हेच. मग उलटा प्रश्न आलाच: विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकत्वापासून वीज का मिळू नये?

जिनिव्हाच्या कोलादोंने १८२५ साली हा प्रयोग केला. चुंबकाचा परिणाम थेट सुईवर होऊ नये म्हणून त्याने विद्युत्मापक शेजारच्या खोलीत ठेवला. वेटोळ्यात चुंबक घालून तो तिकडे जाईपर्यंत सुई पुन्हा स्थिर झालेली असे. सावधगिरीच आड आली.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने मऊ लोखंडाचे ६ इंच व्यासाचे कडे घेतले. एका बाजूला सुमारे २४ फुटी तांब्याच्या तारेचे तीन तुकडे, दुसऱ्या बाजूला दोन तुकडे मिळून सुमारे ६० फूट तार. वेटोळी एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि सुती कापड. सरळ नालकुंतलाच्या टोकांतून चुंबकीय रेषा हवेत पसरतात. कड्यात मात्र त्या बहुतांशी लोखंडातूनच फिरतात आणि दुसऱ्या वेटोळ्याला कवेत घेतात. पहिल्या बाजूला बॅटरी जोडताच दुसऱ्या बाजूची सुई हलली आणि पूर्वपदावर आली. बॅटरी तोडताच ती पुन्हा हलली. वीज चुंबकत्वातून नव्हे, तर चुंबकत्वाच्या बदलातून जन्मते, हे त्या दोन हेलकाव्यांनी सांगितले. आजच्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचे मूळ या कड्यात आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत ऑल्बनीच्या अकादमीत जोसेफ हेन्री हा शिक्षक तारेवर रेशीम गुंडाळून थरांवर थर चढवत होता. अध्यापनातून उरेल तेवढ्याच वेळात त्याचे प्रयोग चालत. फॅरडेचे निष्कर्ष नोव्हेंबर १८३१ मध्ये रॉयल सोसायटीत वाचले गेले. हेन्रीचा लेख जुलै १८३२ मध्ये आला. प्रवर्तनाच्या शोधाचा मान लंडनला गेला. पण हेन्रीच्या लेखात आणखी एक निरीक्षण होते: लांब तारेचा परिपथ तोडताना मोठी ठिणगी पडते, आणि तार वेटोळी केली तर ती अधिकच तीव्र होते. वेटोळे स्वतःच्याच प्रवाहातल्या बदलाला विरोध करते. हेच स्वयंप्रवर्तन. लांबी आणि गाभा तोच ठेवून वेढे दुप्पट केले, तर हा गुण चौपट होतो. कारण चुंबकत्व दुप्पट होते आणि ते झेलणारे वेढेही दुप्पट.

फॅरडे या गुणापर्यंत स्वतंत्रपणे पोहोचला, पण हेन्रीनंतर. १८९३ साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने प्रवर्तकतेच्या एककाला ‘हेन्री’ हे नाव दिले, तेव्हा हेन्रीला जाऊन पंधरा वर्षे झाली होती. प्रथम कोण, हा वाद तारखांनी मिटतो. कोलादोंचे नाव मात्र कोणत्याच एककाला नाही. त्याची सुई हलली असेलच, पण ती पाहायला त्या खोलीत कुणी नव्हते.